राणी चन्नम्मा : चौकापलीकडचे चरित्र

बाहेरगावच्या माणसाला बेळगावातील पत्ता सांगताना ज्या दोनतीन खुणा हमखास सांगितल्या जातात, त्यांत राणी चन्नम्मा चौक अग्रस्थानी आहे. जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी व न्यायालये तेथून हाकेच्या अंतरावर आहेत. त्यामुळे दाव्याच्या तारखेला आलेला खेडूत, दाखल्यासाठी हेलपाटे घालणारा विद्यार्थी आणि निवेदन घेऊन निघालेला मोर्चा या सर्वांनाच या चौकातून जावे लागते. चौकाच्या मध्यभागी घोड्यावर आरूढ झालेली, हाती तलवार घेतलेली राणी उभी आहे. ज्या स्त्रीच्या सैन्याने एका कलेक्टराला रणात ठार केले, तिचा पुतळा कलेक्टर कचेरीच्या शेजारी असावा, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. पण रोज तेथून ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांच्या तो ध्यानात येत असेल, याविषयी शंका वाटते. शहराच्या जुन्या वेशींपैकी एक वेस काकती वेस या नावाने ओळखली जाते. काकतीच्या वाटेवरची म्हणून ती काकती वेस. त्या काकतीची लेक म्हणजेच ही राणी, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते.

गावातील गल्ल्यांची, पेठांची व रस्त्यांची नावे हा त्या गावाचा एक न लिहिलेला इतिहास असतो. बेळगावच्या गल्ल्यांना देवांची नावे आहेत, व्यवसायांची आहेत, घराण्यांची आहेत. पुढच्या काळात पुढारी, संत आणि राजे यांची नावे चौकांना मिळाली. या यादीत स्त्रियांची नावे शोधू लागले म्हणजे समादेवी गल्लीसारखी देवीची नावे प्रथम भेटतात. टिळकवाडीत राणी पार्वतीदेवी महाविद्यालयामुळे त्या परिसराला आर.पी.डी. हे नाव पडले आहे. परंतु सावंतवाडीच्या राणीसाहेबांचे नाव तीन इंग्रजी आद्याक्षरांत असे काही लपून गेले आहे, की रिक्षावाल्याला त्यामागे एखादी बाई आहे याची कल्पनाही नसते. निपाणीमार्गे कोल्हापूरला गेले, तर कावळा नाक्यावर करवीरच्या महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा दिसतो; पुण्यात झाशीच्या राणीचा दिसतो. म्हणजे देवी असेल तर गल्लीला नाव मिळते आणि राणी असेल तर चौकात जागा मिळते. पण राणीलाही ती मिळते ती घोड्यावर बसून तलवार उपसल्यानंतर. एरवीच्या आयुष्यात तिने काय सोसले, काय निभावले, कोणते निर्णय घेतले, याला ब्राँझमध्ये स्थान नसते. चन्नम्मांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. त्यांचा पुतळा सांगतो ती एका दिवसाची हकीकत. तो दिवस २३ ऑक्टोबर १८२४. त्या दिवसाच्या अलीकडे शेहेचाळीस वर्षांचे आणि पलीकडे चार वर्षांहून अधिक बंदिवासाचे आयुष्य आहे. ते समजून घेतल्याखेरीज पुतळ्याचाही अर्थ पुरता उमगत नाही.

चन्नम्मांचा जन्म १७७८ साली काकती येथील देसाई घराण्यात झाला. वडिलांचे नाव धुळप्पा गौडा. घराणे लिंगायत, वतनदार आणि बाळगून असलेल्या हत्यारांचा अभिमान धरणारे. त्या काळी अशा घरांतील मुलींना घोड्यावर बसणे व शस्त्र चालवणे शिकविण्याची रीत अगदीच अपूर्व नव्हती, तरी चन्नम्मांनी या विद्यांत विशेष प्रावीण्य मिळविले असे सर्व परंपरा एकमुखाने सांगतात. कित्तूरचे राजे मल्लसर्ज या भागात वाघाच्या शिकारीला आले असता दोघांची गाठ पडली आणि वाघ नक्की कोणाच्या बाणाने पडला यावरून वाद झाला, ही कथा लोकगीतांतून व नाटकांतून घरोघरी पोहोचली आहे. कथा गोड आहे; तिला कागदाचा आधार मागण्याचे कारण नाही. निश्चित गोष्ट इतकीच, की काकतीच्या देसायांची ही मुलगी मल्लसर्जांची धाकटी राणी म्हणून कित्तूरच्या वाड्यात आली.

कित्तूरचे राज्य आकाराने मोठे नव्हते, पण जुने होते. विजापूरच्या आदिलशाहीच्या काळात, सन १५८५ च्या सुमारास, मल्लशेट्टी बंधूंनी त्याचा पाया घातला असे मानले जाते. पुढे विजापूर गेले, मोगल आले, सावनूरचे नवाब, म्हैसूरचे हैदर-टिपू आणि पुण्याचे पेशवे यांच्या कात्रीत हे राज्य सापडले. ज्याचा जोर त्याला खंडणी द्यायची आणि आपला मुलूख राखायचा, हेच अशा छोट्या राज्यांचे राजकारण असते. स्वतः मल्लसर्जांना तरुणपणी टिपूच्या कैदेत राहावे लागले होते आणि तेथून त्यांनी मोठ्या शिताफीने सुटका करून घेतली होती. पुढे १८०९ मध्ये त्यांनी दुसऱ्या बाजीरावास दरसाल पावणेदोन लाख रुपये खंडणी देण्याचे कबूल करून आपल्या मुलखाची सनद मिळविली. परंतु सनद देणाऱ्या हातानेच थोड्या वर्षांनी त्यांना पुण्यास अटकेत ठेवले. प्रकृती पुरती ढासळल्यावर त्यांची सुटका झाली आणि १८१६ मध्ये त्यांचा अंत झाला. मराठी वाचकाला हा भाग वाचताना अवघडल्यासारखे होते. तरी तो वगळून चन्नम्मांचे चरित्र सांगता येत नाही. इंग्रजांच्या कैदेत जाण्याआधी या स्त्रीने पतीची कैद पाहिली होती, आणि ती पुण्याची होती.

मल्लसर्जांच्या थोरल्या राणी रुद्रव्वा. त्यांचे पुत्र शिवलिंगरुद्रसर्ज गादीवर आले. चन्नम्मांच्या पोटचा मुलगा अल्पवयातच गेला होता. सवतीचा मुलगा राजा, आपण निपुत्रिक धाकटी राणी, अशी परिस्थिती वाड्यावाड्यांतून कोणत्या कलहांना जन्म देते, हे आपल्याकडील बखरींच्या वाचकांना सांगायला नको. कित्तूरच्या वाड्यात तसे घडल्याचा पुरावा नाही. उलट सवतीच्या मुलाच्या कारभाराला चन्नम्मांनी आधार दिला आणि त्याच्या प्रकृतीच्या दुर्बलतेमुळे हळूहळू कारभाराचा मोठा भार त्यांच्यावर आला. पुतळ्यात न मावणारी ही पहिली गोष्ट होय. पुढे १८२४ साली ज्या वारसासाठी त्यांनी सर्वस्व पणाला लावले, तो त्यांच्या रक्ताचा नव्हता. सवतीच्या मुलाने दत्तक घेतलेला तो मुलगा होता. तेव्हा मातृप्रेमाच्या ओघात त्या लढल्या, हे ठरीव स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही. त्या लढल्या त्या राज्याच्या हक्कासाठी.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये टॉमस मन्रो याने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा शिवलिंगरुद्रसर्जांनी इंग्रजांना मदत केली. वडिलांना पुण्याने दिलेली वागणूक आठवता त्यात नवल नाही. मोबदल्यात कंपनीने त्यांचा मुलूख खंडणीच्या अटीवर त्यांच्याकडे कायम ठेवला. हा करार करताना कित्तूरकरांची समजूत अशी होती, की आपण एका मोठ्या सत्तेशी नाते जोडलेले राजे आहोत. कंपनीच्या दप्तरात मात्र त्यांची नोंद देसाई अशी होत होती. या एका शब्दात पुढच्या सगळ्या अनर्थाचे बीज आहे. राजा असेल तर त्याचे राज्य वारसाकडे जाते. देसाई असेल तर त्याचे वतन देणारा परत घेऊ शकतो. गावाच्या पाटीवर कोणते नाव लिहावे यावरून आज वाद होतात. तेव्हा कागदावर कोणता किताब लिहावा यावरून एक राज्य गेले.

सप्टेंबर १८२४ मध्ये शिवलिंगरुद्रसर्ज निपुत्रिक निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी मास्तमर्डी येथील पाटील घराण्यातील शिवलिंगप्पा नावाचा मुलगा दत्तक घेतल्याचे कित्तूर दरबाराने धारवाडला कळविले. त्या वेळी बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १८३६ साली झाला. सगळा दक्षिण मराठा मुलूख, इंग्रज या प्रदेशाला याच नावाने ओळखत, धारवाडच्या कलेक्टरच्या अखत्यारीत होता. या पदावर सेंट जॉन थॅकरे हा अधिकारी होता. व्हॅनिटी फेअर या कादंबरीमुळे वाङ्मयप्रेमींना परिचित असलेले विल्यम मेकपीस थॅकरे यांचा हा चुलता. त्याने दत्तकाविषयी शंका घेतली. दत्तक खरोखर राजाच्या हयातीत झाले काय, पत्रावरील सही शुद्धीवर असताना केली काय, आणि मुख्य म्हणजे सरकारची आगाऊ परवानगी कोठे आहे, असे त्याचे आक्षेप होते. निर्णय वरून येईपर्यंत थांबण्याऐवजी त्याने कित्तूरच्या खजिन्याला मोहोर लावली आणि कारभार पाहण्यासाठी कोन्नूर मल्लप्पा व हावेरी व्यंकटराव या दोघांना नेमले.

येथपासून २३ ऑक्टोबरपर्यंतचे दिवस हे चन्नम्मांच्या आयुष्यातील खरे कसोटीचे दिवस होत, आणि चित्रकार व शिल्पकार नेमके तेच सोडून देतात. वाड्यात राजाची अल्पवयीन विधवा वीरव्वा, जानकीबाई आदी स्त्रिया, दत्तक घेतलेले पोर, बाहेर दोन तट पडलेले सरदार आणि खजिन्याच्या दारावर परक्याची मोहोर. शेहेचाळीस वर्षांच्या चन्नम्मांनी प्रथम तलवारीला हात घातला नाही. त्यांनी वकील व पत्रे पाठविली. धारवाडच्या वर पुण्यास दख्खनचा कमिशनर चॅपलिन होता, त्याच्या वर मुंबईस गव्हर्नर एल्फिन्स्टन होता. या दोघांपर्यंत दत्तकाची बाजू पोहोचविण्याचा त्यांनी प्रयत्न केला. पेशवाईच्या अमलाखाली राहिलेल्या या प्रदेशातील दरबारांचा असा पत्रव्यवहार बहुतांशी मोडी लिपीतील मराठीत चाले. घरात कन्नड, पूजेत वचने आणि दप्तरात मोडी, अशी येथील वाड्यांची रीत होती. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तकाचा अधिकार आहे, आजवर कोणत्याही सत्तेने तो नाकारलेला नाही, हे त्यांचे म्हणणे होते. मुद्दा कायद्याचा होता आणि तो कायद्यानेच सुटावा अशी त्यांची धडपड होती. एकीकडे अर्ज-विनंत्या चालू असतानाच दुसरीकडे त्यांनी गुरुसिद्दप्पांसारख्या निष्ठावंत सरदारांच्या साह्याने शेतसनदी शिपायांची जमवाजमव केली आणि किल्ल्याची डागडुजी करून घेतली. उत्तराची वाट पाहणे आणि उत्तर आले नाही तर काय करायचे याची तयारी ठेवणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी केली. राज्यकर्त्याचे लक्षण हेच.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात थॅकरे स्वतः कित्तूरला येऊन तळ ठोकून बसला. त्याच्यासोबत घोडेस्वार तोफखान्याची तुकडी होती. वाड्यातील खजिन्यावर आपला पहारा बसवण्याचा त्याने आग्रह धरला. २३ ऑक्टोबरच्या सकाळी किल्ल्याचा दरवाजा बंद करण्यात आला. तो उघडण्यासाठी थॅकरेने मुदत घातली आणि मुदत संपताच तोफेने दरवाजा फोडण्याची तयारी चालविली. इतक्यात दरवाजा आतूनच उघडला गेला आणि कित्तूरचे सैन्य लोंढ्यासारखे बाहेर पडले. थोड्याच वेळात सर्व आटोपले. थॅकरे मारला गेला. कॅप्टन ब्लॅक, लेफ्टनंट स्युएल व डायटन हे अधिकारीही पडले. थॅकरेवर नेम धरणारा अमटूर बाळप्पा हा राणीचा विश्वासू होता असे परंपरा सांगते. वॉल्टर एलियट व स्टीव्हन्सन हे थॅकरेचे दोन साहाय्यक जिवंत हाती लागले.

या दोन बंदिवानांशी कित्तूरने केलेले वर्तन लढाईपेक्षाही मोलाचे आहे. संतप्त जमावाच्या हाती त्यांना न देता सुरक्षित ठेवण्यात आले, आणि पुढे कंपनीशी बोलणी चालू असता डिसेंबरच्या आरंभी त्यांना सोडून देण्यात आले. एलियट त्या वेळी अवघा एकवीस वर्षांचा होता. हाच तरुण पुढे सर वॉल्टर एलियट म्हणून प्रसिद्धीस आला. कर्नाटकातील शेकडो शिलालेखांच्या नकला त्याने जमविल्या, चालुक्यांच्या इतिहासाला प्रथम शिस्तशीर रूप देण्याचा यत्न केला, अमरावतीच्या स्तूपाचे कोरीव पाषाण मिळविले आणि धारवाड भागात शिक्षणात कन्नडला स्थान मिळावे म्हणूनही खटपट केली. कित्तूरच्या किल्ल्यात त्या आठवड्यांत एखाद्याचा तोल सुटला असता, तर दक्षिणेच्या इतिहाससंशोधनाचा हा एक आरंभ तेथेच संपला असता. शत्रूचा माणूस जिवंत राखण्याच्या या निर्णयाचे स्मारक कोठेही नाही.

पुढची हकीकत लवकर सांगून होते. कलेक्टर मारला गेल्याची वार्ता पसरताच मुंबई व मद्रास या दोन्ही इलाख्यांतून फौजा कित्तूरकडे निघाल्या. चॅपलिन स्वतः आला. सैन्याचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल डीकनकडे होते. बंदिवान परत केल्यास राज्याचा विचार होईल अशी आशा कित्तूरला होती, ती फोल ठरली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोफांनी तटाला भगदाड पाडले. या लढाईत सोलापूरचा सब-कलेक्टर मन्रो, म्हणजे ज्या टॉमस मन्रोने सहा वर्षांपूर्वी कित्तूरची दौलत कायम केली त्याचा पुतण्या, प्राणघातक जखमी झाला. ५ डिसेंबर १८२४ रोजी किल्ला पडला. चन्नम्मा, वीरव्वा आणि जानकीबाई यांना कैद करून बैलहोंगलच्या किल्ल्यात नेण्यात आले. दोनशे एकोणचाळीस वर्षांची दौलत संपली.

दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करण्याचे धोरण म्हटले की आपल्याला डलहौसी आठवतो. सातारा आणि झाशी आठवतात. सातारा खालसा झाले १८४८ मध्ये. झाशी १८५३ च्या दत्तकानंतर. कित्तूरचा निकाल त्याआधी चोवीस वर्षे लागला होता. सीमाभागाला तर या प्रश्नाची झळ आणखी एकदा लागली. निपाणीचे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, ज्यांना आप्पा देसाई निपाणकर म्हणत, ते १८३९ साली पोटी वारस नसताना वारले आणि त्यांचीही जहागीर कंपनीने घेतली. म्हणूनच चन्नम्मांना कर्नाटकची झाशीची राणी म्हणण्याचा जो प्रघात मराठी लेखनात पडला आहे, तो सद्भावनेचा असला तरी कालक्रमाला धरून नाही. झाशीच्या लढ्याआधी तेहतीस वर्षे कित्तूरचा लढा झाला. तुलना करायचीच असेल, तर ती उलट दिशेने करायला हवी.

बैलहोंगलच्या किल्ल्यात चन्नम्मांनी चार वर्षांहून अधिक काळ काढला. त्या काळाविषयी फार कागद नाहीत. पूजाअर्चा, शास्त्रपुराणांचे श्रवण आणि बाहेरच्या वार्तांची प्रतीक्षा, असे त्यांच्या दिनक्रमाचे चित्र परंपरेने जपले आहे. बाहेर कित्तूरची शेतसनदी मंडळी स्वस्थ नव्हती. नवी व्यवस्था आली, जमिनींची चौकशी सुरू झाली, वंशपरंपरेच्या इनामांवर सारा बसू लागला. तेव्हा राज्य गेल्याचे दुःख आणि जमीन जाण्याची भीती एकत्र झाली. संगोळ्ळीच्या रायण्णांनी यातूनच उठाव उभा केला. परंतु तो पेटलेला पाहणे राणीच्या नशिबी नव्हते. फेब्रुवारी १८२९ मध्ये बंदिवासातच त्यांचे निधन झाले. त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते. बैलहोंगल येथेच त्यांची समाधी आहे.

रायण्णांनी दत्तकपुत्र शिवलिंगप्पा याच्या नावाने कित्तूरची गादी पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला. बिडी, नंदगड, संपगाव या भागांत कचेऱ्यांवर हल्ले झाले, जमिनीचे कागद जळाले. १८३० मध्ये विश्वासघाताने ते पकडले गेले आणि २६ जानेवारी १८३१ रोजी खानापूर तालुक्यातील नंदगड येथे त्यांना फाशी देण्यात आले. या उठावाला आतून फूस असल्याच्या संशयाने वीरव्वांना धारवाडला हलविण्यात आले होते. तेथे त्यांचा अकाली मृत्यू झाला आणि त्याबाबत विषप्रयोगाचा प्रवाद कायम राहिला. चन्नम्मांच्या मागे या तरुण विधवेने तो धागा किती हिमतीने धरून ठेवला होता, हे त्या संशयावरूनच कळते. तथापि वीरव्वांच्या हाती तलवार नव्हती, आणि त्यांचे नाव आपल्या परिचयाच्या चौकांच्या यादीत नाही.

स्मृतीचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. पराभूत कित्तूरच्या राणीला दगडी स्मारक मिळण्याचा प्रश्नच नव्हता. थॅकरेचे स्मारक मात्र धारवाडला लवकरच उभे राहिले. सरकारने उंच दगड उभारला तो कलेक्टरसाठी. राणीला राखले ते लावणी व गीगी पदे गाणाऱ्या खेड्यापाड्यांतील शाहिरांनी. डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टी गात गात त्यांनी तीनचार पिढ्या पार केल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे. एफ. फ्लीट या अधिकारी-संशोधकाने या भागातील कन्नड पोवाडे टिपून घेतले, त्यांत रायण्णांच्या बंडाचा पोवाडा आहे. म्हणजे बंडखोरांची गाणी जपण्याचे कामही एका इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखणीने झाले! स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले. १९६१ मध्ये बी. आर. पंतुलू यांचा कित्तूर चन्नम्मा हा कन्नड चित्रपट आला आणि बी. सरोजादेवी यांच्या रूपात राणीचा चेहरा लोकांच्या मनात ठसला. १९७७ मध्ये टपाल खात्याने तिकीट काढले. त्याच वर्षी नॅशनल बुक ट्रस्टने सदाशिव वोडेयर यांचे चरित्र प्रकाशित केले. ११ सप्टेंबर २००७ रोजी दिल्लीत संसद भवनाच्या आवारात चन्नम्मांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. २०१० मध्ये बेळगावच्या नव्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले आणि २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने मुंबई कर्नाटक या विभागाचे नाव बदलून कित्तूर कर्नाटक केले. ज्या बाईचे राज्य कंपनीने कागदावरून पुसले, तिच्या गावाचे नाव आता एका सबंध विभागाला आहे.

इतके होऊनही बेळगावच्या मराठी घरांतून राणी चन्नम्मा बहुधा चौकाचे नाव म्हणूनच उच्चारली जाते. त्याचे कारण सर्वांना माहीत आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर या भागात पुतळे केवळ पुतळे राहिले नाहीत. कोणता पुतळा कोणाचा हे भाषेवरून ठरू लागले. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरात शिवछत्रपतींच्या आणि बेळगावात रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या विवेकी माणसांच्या माना सारख्याच खाली गेल्या. जी माणसे या सीमेच्या आधी शेसव्वाशे वर्षे होऊन गेली, त्यांना सीमेच्या अलीकडे-पलीकडे वाटून घेण्याचा हा प्रकार आहे. त्यात मराठी वाचकाचेच अधिक नुकसान झाले, असे म्हणावे लागते. ज्याच्या पूर्वजांनी कदाचित कित्तूरच्या दप्तरात मोडी कागद लिहिले असतील, त्याने त्या दौलतीच्या राणीचे चरित्र परके मानून बाजूला ठेवले.

याला आणखी एक जुना दाखला आहे. बैलहोंगल तालुक्यातीलच बेळवडी या गढीच्या देसाईणीने दक्षिण दिग्विजयाहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या सैन्याला अनेक दिवस झुंजवले, ही गोष्ट मराठी बखरींत आहे. तेथे तिचे नाव सावित्रीबाई; कन्नड परंपरेत तीच बेळवडी मल्लम्मा. अखेर पराभूत झालेल्या या स्त्रीला महाराजांनी सन्मानाने वागविले, यावर दोन्ही परंपरांचे एकमत आहे. एकाच बाईला दोन भाषांनी दोन नावे दिली आणि दोन्हीकडचे वाचक एकमेकांच्या नावाला ओळखत नाहीत. धारवाडजवळील यादवाड येथे शिवाजी महाराजांचे म्हणून दाखविले जाणारे शिल्प आहे. ते या मल्लम्मांनीच कोरवून घेतले अशी श्रद्धा आहे. खरे असेल तर एका स्त्रीने पुरुषाचे स्मारक उभारल्याचे ते उदाहरण ठरते.

पुणे-बंगळूर रस्त्याने बेळगाव सोडून धारवाडच्या दिशेने निघाले, की वाटेवर कित्तूर लागते. किल्ल्यात वाड्याचे भग्न चौथरे, काही खांब, पाण्याची व्यवस्था आणि ध्रुवतारा पाहण्यासाठी ठेवलेले भिंतीतील छिद्र एवढे शिल्लक आहे. दरवर्षी ऑक्टोबरात तेथे उत्सव होतो, तेव्हा गर्दी लोटते. २०२४ साली लढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हा ती अर्थातच अधिक होती. बैलहोंगलच्या समाधीकडे त्या मानाने माणसे कमी वळतात. रुद्रव्वा, वीरव्वा आणि जानकीबाई यांची नावे वाड्याच्या अवशेषांत फिरताना एखादा जाणता वाटाड्या सांगतो. ते ज्या दालनात राहत होत्या त्यांचे चौथरे मात्र एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत.